मारियो लेम्यू

मारियो लेम्यू (जन्म: ५ ऑक्टोबर १९६५, माँट्रियाल, क्वेबेक, कॅनडा) हे कॅनडाचे निवृत्त व्यावसायिक आइस हॉकी खेळाडू आहेत. नॅशनल हॉकी लीगमधील (एनएचएल) त्यांची संपूर्ण कारकीर्द अमेरिकेतील पिट्सबर्ग पेंग्विन्स या एकाच संघाकडून झाली. खेळाडू म्हणून त्यांनी १९९१ आणि १९९२ साली स्टॅनले चषक जिंकला. पुढे याच संघाचे मालक या नात्याने त्यांनी २००९, २०१६ आणि २०१७ साली हा चषक मिळवला. खेळाडू आणि मालक अशा दोन्ही भूमिकांत स्टॅनले चषकावर नाव कोरले गेलेले ते पहिले खेळाडू होत.

आघाडीच्या फळीत मध्यस्थानी (सेंटर) खेळणाऱ्या लेम्यू यांनी ९१५ सामन्यांत ६९० गोल आणि १,०३३ गोलसाहाय्ये अशी एकूण १,७२३ गुणांची कमाई केली. पाठीचे जुनाट दुखणे, १९९३ साली निदान झालेला हॉजकिन्स लिम्फोमा हा कर्करोग आणि अखेरीस हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता यांमुळे त्यांना शेकडो सामन्यांना मुकावे लागले. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन बहुधा एकूण गुणांऐवजी प्रतिसामना सरासरीवर केले जाते. प्रतिसामना १.८८ गुणांची त्यांची सरासरी एनएचएलच्या इतिहासात वेन ग्रेट्स्की (१.९२) यांच्या खालोखाल गणली जाते. फ्रेंच भाषेत ‘ल म्यू’ या शब्दांचा अर्थ ‘सर्वोत्तम’ असा होतो. चाहते त्यांना ‘ल मॅन्यिफिक’ (भव्य) आणि ‘सुपर मारियो’ या नावांनी ओळखतात.

## सुरुवातीचे जीवन

लेम्यू यांचा जन्म माँट्रियालच्या व्हिल-एमार या कामगारवस्तीत एका फ्रेंचभाषक कुटुंबात झाला. त्यांचे वडील जाँ-गी बांधकाम क्षेत्रात काम करीत, तर आई पिएरेत घर सांभाळत असे. तीन भावांमध्ये मारियो धाकटे होत. थोरले बंधू अ‍ॅलन लेम्यू हेही पुढे एनएचएलमध्ये खेळले. मुलांना अंधार पडल्यावरही सराव करता यावा म्हणून आईवडील घराच्या पुढच्या दालनात बर्फ आणून थापत असत, अशी आठवण लेम्यू कुटुंबाविषयी नेहमी सांगितली जाते.

लेम्यू यांच्या ६६ क्रमांकाच्या जर्सीमागेही एक कथा आहे. त्या काळी ९९ क्रमांकाची जर्सी घालणारे ग्रेट्स्की हे खेळातील सर्वश्रेष्ठ नाव होते. लेम्यू यांच्या प्रतिनिधीने तोच आकडा उलटा करून वापरण्याची सूचना केली आणि हा क्रमांक त्यांच्याशी कायमचा जोडला गेला.

## कनिष्ठ स्तरावरील कारकीर्द

१९८१ ते १९८४ या काळात लेम्यू क्वेबेकच्या कनिष्ठ लीगमध्ये लाव्हाल व्वाझँ या संघाकडून खेळले. तीन हंगामांतील २०० सामन्यांत त्यांनी २४७ गोल आणि ३१५ गोलसाहाय्ये मिळून ५६२ गुण मिळवले. १९८३-८४ च्या हंगामात त्यांनी ७० सामन्यांत १३३ गोल आणि १४९ गोलसाहाय्यांसह २८२ गुणांचा विक्रम केला. त्या हंगामाच्या अखेरच्या सामन्यापूर्वी गी लाफ्लर यांच्या १३० गोलांच्या विक्रमाशी बरोबरी साधण्यासाठी त्यांना तीन गोल हवे होते. त्यांनी त्या सामन्यात सहा गोल केले.

## पिट्सबर्गमध्ये निवड

एनएचएलमध्ये नवोदित खेळाडूंची निवड वार्षिक मसुद्याद्वारे (ड्राफ्ट) होते. त्या काळी आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिल्या निवडीचा हक्क मिळत असे. १९८३-८४ मध्ये पेंग्विन्सने अवघे ३८ गुण मिळवून शेवटचे स्थान गाठले, तर न्यू जर्सी डेव्हिल्सचा संघ ४१ गुणांवर राहिला. लेम्यू हाती लागावेत म्हणून पेंग्विन्सने हेतुपुरस्सर सामने गमावले, असा आरोप त्या वेळी झाला. संघाची आर्थिक स्थिती बिकट होती आणि घरच्या सामन्यांना सरासरी सात हजारही प्रेक्षक येत नव्हते. अन्य संघांनी पहिल्या निवडीच्या मोबदल्यात अनेक खेळाडू देऊ केले, तरी महाव्यवस्थापक एडी जॉन्स्टन यांनी ती सोडली नाही.

९ जून १९८४ रोजी माँट्रियाल फोरममध्ये झालेल्या कार्यक्रमात लेम्यू यांचे नाव सर्वप्रथम पुकारले गेले. मात्र कराराच्या रकमेवरून वाद चालू असल्याने त्यांनी पेंग्विन्सच्या मेजाशी जाऊन संघाची जर्सी अंगावर घालण्यास नकार दिला. कराराचा प्रश्न त्यानंतर लवकरच मिटला.

## व्यावसायिक कारकीर्द

### पहिली वर्षे (१९८४-१९९०)

११ ऑक्टोबर १९८४ रोजी बॉस्टन ब्रुइन्सविरुद्ध लेम्यू यांनी पदार्पण केले. मैदानावरील आपल्या पहिल्याच पाळीत त्यांनी ख्यातनाम बचावपटू रे बोर्क यांच्याकडून पक हिरावून घेतला आणि आपल्या पहिल्याच फटक्यावर गोलरक्षक पीट पीटर्स यांना चकवून गोल नोंदवला. त्या हंगामात त्यांनी १०० गुण मिळवले. सर्वोत्तम नवोदित खेळाडूसाठीचा कॉल्डर स्मृती करंडक त्यांना मिळाला, तसेच ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्तम ठरलेले ते पहिले नवोदित खेळाडू ठरले.

१९८७-८८ मध्ये ७० गोल आणि १६८ गुणांसह त्यांनी सर्वाधिक गुणांसाठीचा आर्ट रॉस करंडक आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूसाठीचा हार्ट स्मृती करंडक हे दोन्ही प्रथमच जिंकले. ग्रेट्स्की यांनी सलग आठ वर्षे मिळवलेला हार्ट करंडक त्या वर्षी प्रथमच दुसऱ्या खेळाडूकडे गेला. पुढील हंगामात लेम्यू यांनी ७६ सामन्यांत ८५ गोल आणि ११४ गोलसाहाय्यांसह १९९ गुण केले. एका हंगामात २०० गुणांचा टप्पा ग्रेट्स्कींखेरीज कोणीही ओलांडलेला नाही. लेम्यू त्यापासून एका गुणाने दूर राहिले.

याच हंगामात, ३१ डिसेंबर १९८८ रोजी, न्यू जर्सी डेव्हिल्सविरुद्ध त्यांनी पाच गोल पाच वेगवेगळ्या परिस्थितींत केले: दोन्ही संघांचे खेळाडू समान असताना, प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना (पॉवर प्ले), स्वतःच्या संघात एक खेळाडू कमी असताना, पेनल्टी फटक्यावर आणि गोलरक्षक नसलेल्या मोकळ्या जाळ्यात. एकाच सामन्यात या पाचही प्रकारांनी गोल करणारे ते एनएचएलमधील एकमेव खेळाडू आहेत. पेंग्विन्सने हा सामना ८-६ असा जिंकला.

१९८९-९० मध्ये लेम्यू यांनी सलग ४६ सामन्यांत किमान एक गुण मिळवला. ग्रेट्स्की यांचा सलग ५१ सामन्यांचा विक्रम दृष्टिपथात आला असताना १४ फेब्रुवारी १९९० रोजी पाठीच्या असह्य वेदनांमुळे त्यांना न्यू यॉर्क रेंजर्सविरुद्धचा सामना अर्धवट सोडावा लागला. मणक्यांमधील चकती सरकल्याने हे दुखणे उद्भवले होते.

### दोन स्टॅनले चषक (१९९०-१९९२)

जुलै १९९० मध्ये लेम्यू यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर झालेल्या जंतुसंसर्गामुळे ते अनेक महिने अंथरुणाला खिळून होते आणि १९९०-९१ च्या हंगामातील पहिल्या ५० सामन्यांना मुकले. याच काळात संघाची बांधणी मात्र मजबूत झाली होती. पॉल कॉफी आधीपासून संघात होते. १९९० च्या मसुद्यातून चेकोस्लोव्हाकियाचे यारोमिर यागर आले, तर मार्च १९९१ मध्ये रॉन फ्रान्सिस आणि उल्फ सॅम्युएलसन यांना संघात घेण्यात आले.

प्लेऑफमधील २३ सामन्यांत लेम्यू यांनी ४४ गुण मिळवले. अंतिम फेरीत मिनेसोटा नॉर्थ स्टार्सविरुद्ध पाठदुखीमुळे ते एका सामन्यात खेळू शकले नाहीत. तरीही २५ मे १९९१ रोजी सहावा सामना ८-० असा जिंकून पेंग्विन्सने इतिहासातील पहिला स्टॅनले चषक पटकावला. प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूसाठीचा कॉन स्माइथ करंडक लेम्यू यांना मिळाला.

विजयी प्रशिक्षक बॉब जॉन्सन यांचे नोव्हेंबर १९९१ मध्ये मेंदूच्या कर्करोगाने निधन झाले. स्कॉटी बोमन यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९९२ मध्ये विजेतेपद राखले. त्या वर्षी रेंजर्सविरुद्धच्या फेरीत काठीच्या फटक्याने लेम्यू यांच्या हाताचे हाड मोडले. पाच सामन्यांनंतर ते परतले आणि अंतिम फेरीत पेंग्विन्सने शिकागो ब्लॅकहॉक्सचा ४-० असा पराभव केला. कॉन स्माइथ करंडक सलग दुसऱ्यांदा लेम्यू यांना देण्यात आला.

### कर्करोग आणि १९९२-९३ चा हंगाम

१९९२-९३ च्या पहिल्या ४० सामन्यांत लेम्यू यांनी १०४ गुण केले होते आणि ग्रेट्स्की यांचा २१५ गुणांचा हंगामी विक्रम मोडण्याची शक्यता वर्तवली जात होती. मात्र मानेतील गाठ काढून तपासली असता हॉजकिन्स लिम्फोमाचे निदान झाले. १२ जानेवारी १९९३ रोजी ही बातमी जाहीर करण्यात आली. आजार प्रारंभिक अवस्थेत असल्याने किरणोपचारांनी तो बरा होण्याची आशा होती. त्यांना २२ वेळा किरणोपचार घ्यावे लागले.

२ मार्च १९९३ रोजी सकाळी लेम्यू यांनी शेवटचा किरणोपचार घेतला आणि त्याच दिवशी विमानाने फिलाडेल्फियाला जाऊन ते फ्लायर्सविरुद्ध मैदानात उतरले. पिट्सबर्गच्या कट्टर प्रतिस्पर्धी संघाच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले. तो सामना पेंग्विन्सने ५-४ असा गमावला, तरी लेम्यू यांच्या नावावर एक गोल आणि एक गोलसाहाय्य लागले.

परतले तेव्हा ते गुणतालिकेत बफेलो सेबर्सच्या पॅट लाफाँटेन यांच्या १२ गुणांनी मागे होते. उरलेल्या २० सामन्यांत ३० गोलांसह ५६ गुण मिळवून त्यांनी हंगामाअखेर १६० गुण गाठले. लाफाँटेन यांचे १४८ गुण झाले. हंगामातील ६० सामनेच खेळून लेम्यू यांनी आर्ट रॉस आणि हार्ट हे दोन्ही करंडक जिंकले. चिकाटी व खेळावरील निष्ठेसाठी दिला जाणारा बिल मास्टर्टन स्मृती करंडकही त्यांना मिळाला. याच काळात पेंग्विन्सने सलग १७ सामने जिंकण्याचा विक्रम केला. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत मात्र न्यू यॉर्क आयलंडर्सने सातव्या सामन्याच्या जादा वेळेत त्यांचा पराभव केला.

### विश्रांती आणि पहिली निवृत्ती (१९९३-१९९७)

पाठीवरील दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे १९९३-९४ मध्ये लेम्यू केवळ २२ सामने खेळले. किरणोपचारांनंतरचा थकवा आणि पाठदुखी यांमुळे १९९४-९५ चा संपूर्ण हंगाम त्यांनी विश्रांती घेतली. १९९५-९६ मध्ये परतल्यावर त्यांनी ७० सामन्यांत १६१ गुण केले आणि आर्ट रॉस व हार्ट करंडक पुन्हा जिंकले. २६ ऑक्टोबर १९९५ रोजी, आपल्या ६०५ व्या सामन्यात, त्यांनी ५०० वा गोल नोंदवला.

प्रतिस्पर्ध्याला धरून, अडकवून खेळण्याच्या वाढत्या प्रवृत्तीवर लेम्यू सातत्याने टीका करीत. पंचांच्या दुर्लक्षामुळे कुशल खेळाडूंचे नुकसान होते, अशी त्यांची भूमिका होती आणि १९९२ साली त्यांनी एनएचएलला ‘गॅरेज लीग’ असे संबोधले होते. ही नाराजी आणि प्रकृती या दोन्ही कारणांनी १९९७ च्या प्लेऑफनंतर, सहावा आर्ट रॉस करंडक मिळवून, वयाच्या ३१ व्या वर्षी ते निवृत्त झाले. त्या वेळी ७४५ सामन्यांत १,४९४ गुण अशी त्यांची सरासरी दोनपेक्षा अधिक होती. तीन वर्षे थांबण्याचा नेहमीचा नियम शिथिल करून नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांचा हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.

## संघाची दिवाळखोरी आणि मालकी

१९९० च्या दशकात पेंग्विन्सने खेळाडूंशी मोठ्या रकमांचे करार केले आणि वेतनाचा काही भाग पुढील वर्षांवर ढकलला. नोव्हेंबर १९९८ मध्ये संघाने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा लेम्यू यांचेच सुमारे ३ कोटी २५ लाख डॉलर वेतन थकलेले होते. संघ विसर्जित होण्याची किंवा दुसऱ्या शहरात जाण्याची शक्यता निर्माण झाली.

सर्वांत मोठ्या धनकोंपैकी एक असलेल्या लेम्यू यांनी थकबाकीचा मोठा भाग समभागांत रूपांतरित करून संघ विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. न्यायालयाने आणि त्यानंतर १९९९ च्या सप्टेंबरमध्ये एनएचएलच्या संचालक मंडळाने त्यास मान्यता दिली. रोखीने वसूल होण्याची शाश्वती नसलेले येणे अशा रीतीने मालकीत बदलले आणि संघ पिट्सबर्गमध्येच राहिला. या व्यवहारात उद्योजक रॉन बर्कल हे त्यांचे प्रमुख भागीदार होते.

## पुनरागमन (२०००-२००६)

२७ डिसेंबर २००० रोजी टोरांटो मेपल लीफ्सविरुद्ध लेम्यू पुन्हा मैदानात उतरले. त्यांच्या सन्मानार्थ छताला लावलेला ६६ क्रमांकाचा फलक त्याआधी खाली उतरवण्यात आला. सामना सुरू होऊन ३३ सेकंद झाली असताना त्यांनी यागर यांना गोलसाहाय्य केले. एकूण तीन गुणांसह त्यांनी संघाच्या ५-० अशा विजयात वाटा उचलला. हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झाल्यानंतर एनएचएलमध्ये परतलेले ते गॉर्डी होव आणि गी लाफ्लर यांच्यानंतरचे तिसरे खेळाडू होत. त्या हंगामात ४३ सामन्यांत त्यांनी ७६ गुण केले.

पुढील काळात नितंबाच्या व अन्य दुखापतींमुळे त्यांचा सहभाग मर्यादित राहिला. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी संघाला जुलै २००१ मध्ये यागर यांच्यासह महागडे खेळाडू अन्य संघांना द्यावे लागले आणि पेंग्विन्स तळाला गेला. २००४-०५ चा हंगाम मालक व खेळाडू यांच्यातील वेतनविषयक संघर्षात रद्द झाला. त्यानंतर २००५ च्या सोडतीत पेंग्विन्सला पहिली निवड मिळाली आणि सिडनी क्रॉस्बी संघात आले. पहिली काही वर्षे क्रॉस्बी लेम्यू यांच्या घरीच राहत होते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा (एट्रियल फिब्रिलेशन) त्रास उद्भवल्याने २४ जानेवारी २००६ रोजी लेम्यू यांनी कायमची निवृत्ती पत्करली.

## आंतरराष्ट्रीय कारकीर्द

१९८५ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या कॅनडाच्या संघात लेम्यू होते. १९८७ च्या कॅनडा चषकात नऊ सामन्यांत ११ गोल करून त्यांनी स्पर्धेचा विक्रम नोंदवला. १५ सप्टेंबर १९८७ रोजी हॅमिल्टन येथे सोव्हिएत संघाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात एक मिनिट २६ सेकंद उरले असताना ग्रेट्स्की यांच्या पासवर त्यांनी केलेल्या गोलाने कॅनडाला ६-५ असा विजय मिळाला. हा गोल कॅनडाच्या हॉकी इतिहासातील अविस्मरणीय गोलांत गणला जातो.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते कॅनडाचे कर्णधार होते. २४ फेब्रुवारी २००२ रोजी अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ५-२ असे हरवून पुरुष हॉकीत ५० वर्षांनी सुवर्णपदक जिंकले. या सामन्यात आपल्याकडे आलेला पक फटकावण्याचा आविर्भाव करून लेम्यू यांनी तो पायांमधून जाऊ दिला आणि मागे असलेल्या पॉल कारिया यांनी गोल केला. २००४ च्या विश्वचषकातही त्यांच्या नेतृत्वाखाली कॅनडा विजयी ठरला.

## खेळण्याची शैली

सहा फूट चार इंच (१.९३ मीटर) उंचीचे लेम्यू उजव्या हाताने फटका मारत. लांब हातांमुळे त्यांना पक प्रतिस्पर्ध्याच्या आवाक्याबाहेर ठेवता येई. धिप्पाड खेळाडू सहसा धडकांवर भर देतात. लेम्यू मात्र मऊ हातांची पकड, नेमके पास आणि गोलरक्षकाला हुलकावणी देण्याचे कौशल्य यांसाठी ओळखले जात. आइस हॉकीत एका गोलासाठी कमाल दोन खेळाडूंना गोलसाहाय्याचे श्रेय मिळते आणि गोल व गोलसाहाय्य यांना प्रत्येकी एक गुण धरला जातो. दोन्ही बाबींत सारखेच प्रावीण्य असल्याने त्यांच्या गुणांत गोलांचा वाटा लक्षणीय राहिला. पाठदुखीच्या काळात वाकणे अशक्य झाल्याने त्यांच्या स्केटच्या नाड्या इतरांना बांधाव्या लागत.

## नवे क्रीडागृह

१९६१ साली खुल्या झालेल्या सिव्हिक अरीनातून पुरेसे उत्पन्न मिळत नसल्याने संघाला नवे क्रीडागृह हवे होते. २००६ अखेर संघविक्रीचा एक व्यवहार फिसकटला आणि क्रीडागृह बांधून देण्याची तयारी दाखवणाऱ्या कंपनीला कॅसिनोचा परवाना नाकारला गेला. त्यानंतर संघाच्या कॅन्सस सिटीतील स्थलांतराची चर्चा सुरू झाली. अखेर १३ मार्च २००७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्य व स्थानिक प्रशासनाशी करार होऊन संघ ३० वर्षे पिट्सबर्गमध्ये राहील हे निश्चित झाले. नवे क्रीडागृह २०१० साली खुले झाले. तेथे २०१२ साली लेम्यू यांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यात आले. २०२१ च्या अखेरीस फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने संघाची नियंत्रक मालकी घेतली. लेम्यू यांनी अल्प हिस्सा कायम ठेवला.

## सामाजिक कार्य

कर्करोगाच्या निदानानंतर १९९३ साली त्यांनी मारियो लेम्यू फाउंडेशनची स्थापना केली. ही संस्था कर्करोग संशोधन व रुग्णसेवेसाठी निधी उभारते. रुग्णालयांत मुलांसाठी खेळण्याच्या खोल्या उभारण्याचा उपक्रमही ती चालवते.

## पुरस्कार आणि सन्मान

* आर्ट रॉस करंडक: १९८८, १९८९, १९९२, १९९३, १९९६, १९९७
* हार्ट स्मृती करंडक: १९८८, १९९३, १९९६
* लेस्टर बी. पीअर्सन पुरस्कार (खेळाडूंच्या मते सर्वोत्तम): १९८६, १९८८, १९९३, १९९६
* कॉन स्माइथ करंडक: १९९१, १९९२
* कॉल्डर स्मृती करंडक: १९८५
* बिल मास्टर्टन स्मृती करंडक: १९९३
* हॉकी हॉल ऑफ फेम: १९९७
* आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचे हॉल ऑफ फेम: २००८

## आकडेवारी (एनएचएल, नियमित हंगाम)

| हंगाम | सामने | गोल | गोलसाहाय्य | गुण |
|---|---|---|---|---|
| १९८४-८५ | ७३ | ४३ | ५७ | १०० |
| १९८५-८६ | ७९ | ४८ | ९३ | १४१ |
| १९८६-८७ | ६३ | ५४ | ५३ | १०७ |
| १९८७-८८ | ७७ | ७० | ९८ | १६८ |
| १९८८-८९ | ७६ | ८५ | ११४ | १९९ |
| १९८९-९० | ५९ | ४५ | ७८ | १२३ |
| १९९०-९१ | २६ | १९ | २६ | ४५ |
| १९९१-९२ | ६४ | ४४ | ८७ | १३१ |
| १९९२-९३ | ६० | ६९ | ९१ | १६० |
| १९९३-९४ | २२ | १७ | २० | ३७ |
| १९९५-९६ | ७० | ६९ | ९२ | १६१ |
| १९९६-९७ | ७६ | ५० | ७२ | १२२ |
| २०००-०१ | ४३ | ३५ | ४१ | ७६ |
| २००१-०२ | २४ | ६ | २५ | ३१ |
| २००२-०३ | ६७ | २८ | ६३ | ९१ |
| २००३-०४ | १० | १ | ८ | ९ |
| २००५-०६ | २६ | ७ | १५ | २२ |
| एकूण | ९१५ | ६९० | १,०३३ | १,७२३ |

प्लेऑफमधील १०७ सामन्यांत लेम्यू यांनी ७६ गोल आणि ९६ गोलसाहाय्यांसह १७२ गुण मिळवले.